जमीन वितळत नाही

बोरगाव, ता. निपाणी
१५ सप्टेंबर २०२५

राजू,

जय जिनेंद्र.

तुझं क्षमावाणीचं कार्ड परवा पोचलं. वर पत्ता होता : 'आई, द्वारा पद्मराज मगदूम सर, बस्तीजवळ, बोरगाव.' पोस्टमन भरमू ते हातात धरून दारातच घुटमळला. म्हणाला, "सर, आई म्हंजे तुमच्या आईच न्हवं? त्यास्नी जाऊन बारा वर्सं हुत आली की. परत लावू का?" मी म्हटलं, आण इकडं.

कार्ड चुकून आलं, हे न कळण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की माझ्याकडे पन्नाससाठ कार्डं येतात. जुने विद्यार्थी पाठवतात, निपाणीचे व्यापारी पाठवतात, ज्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही ते सगळे क्षमा मागतात. सख्ख्या बहिणीचं अकरा वर्षांत एकही आलं नाही. आता आलं ते आईच्या नावाने.

पण मागितलेली क्षमा परत लावता येत नाही, हा आपला रिवाज तुलाही ठाऊक आहे. समोरच्याने 'उत्तम क्षमा' म्हणायचंच असतं. आई नाही, म्हणून तिच्या वतीने मी म्हणतो, उत्तम क्षमा. आणि माझ्या वतीने मी तुझ्याकडे मागतो. तू म्हणायलाच हवं असं नाही.

माझं बरं चाललंय. कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन जवळजवळ सोडलाच आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. शब्दांची वही मात्र अजून चालू आहे, इंग्रजी-मराठी-कन्नड, तीन रकाने. 'टी' अक्षरापर्यंत आलोय. गावातल्या हायस्कूलच्या पोरांना उपयोग होईल असं मी म्हणतो, पोरं मोबाईल दाखवतात.

तुझा
अण्णा


अनगोळ, बेळगाव
२४ सप्टेंबर २०२५

श्री. पद्मराज मगदूम यांस,

जय जिनेंद्र. तुमचं पत्र मिळालं.

कार्ड चुकूनच आलं. मंडळाने छापलेल्या कार्डांवर पत्ते घालायला शेजारची ऋतिका बसली होती. माझ्या जुन्या डायरीत तुमच्या घरचा पत्ता 'आई' या नावाखाली आहे, तिने तो तसाच उतरवला. विचारलं तर म्हणते, "डायरीत होतं तसंच लिहिलंय की ओ आजी." एम.कॉम. झालेली मुलगी. 'आई' हे कुणाचं नाव असतं का, एवढं तिच्या डोक्यात आलं नाही. तेव्हा गैरसमज नसावा.

तुम्ही आईच्या वतीने बोलू नये, ही विनंती. तिच्या वतीने तुम्ही एकदा पुष्कळ बोलून झालेलं आहे.

पत्र इथेच संपायला हवं होतं. पण एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून होणार नाही. माझी मुलगी श्रद्धा कॅनडात असते, तिची ब्राह्मी आता अकरा वर्षांची आहे. तिकडे शनिवारी मराठीचा वर्ग असतो. तिला 'आमच्या गावचा मार्च महिना' असा निबंध लिहायचा आहे. इंग्रजीतल्या 'थॉ' या क्रियापदाला मराठी शब्द काय, असं तिने मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, वितळणे. ती म्हणाली, "आमच्या बाई पण तेच म्हणतात. पण आजी, जमीन वितळत नाही ना? बर्फ जातो आणि जमीन परत जमीन होते. त्याला काय म्हणायचं?"

मी म्हटलं, विचारून सांगते. तुम्ही चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. शब्द कळवावा. घाई आहे, कारण १८ जानेवारीला मी इथलं सगळं आवरून कायमची तिकडेच राहायला जाते आहे.

राजश्री चौगुले


बोरगाव
३० सप्टेंबर २०२५

राजू,

ब्राह्मीला सांग, बोरगावच्या आजोबांनी चौतीस वर्षांत इतका चांगला प्रश्न एकाही विद्यार्थ्याकडून ऐकला नाही. आणि हेही सांग, की या आजोबांनी त्या शब्दाच्या बाबतीत चौतीस वर्षं टोलवाटोलवी केली. नववीच्या पुस्तकात बर्फाळ डोंगराचा एक धडा होता. त्यात 'थॉ' आला की मी 'वितळला' असं सांगून पुढे सरकायचो. पोरांनी बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसात. मीही तेवढाच पाहिला होता.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस कोश काढून बसलो. मला उमगलं ते असं. 'मेल्ट' म्हणजे वितळणं. मेणबत्ती मेल्ट होते, लोणी मेल्ट होतं, आणि होता होता मूळ वस्तू राहतच नाही. 'थॉ' होते ती गोठलेली वस्तू, आणि ती जात नाही, परत येते. नदी थॉ होते म्हणजे पुन्हा वाहू लागते. फ्रीजमधला मटार बाहेर काढून ठेवला की थॉ होतो, म्हणजे मटार पुन्हा मटार होतो. ब्राह्मीची जमीन तशीच. बर्फ मेल्ट होतो, जमीन थॉ होते. एकाच उन्हाने दोघांचं वेगवेगळं होतं.

गारठलेले हात शेकले की तेही थॉ होतात. माणसालाही हे क्रियापद लागतं. अबोल, ताठ बसलेला माणूस हळूहळू बोलायला लागला, की इंग्रज म्हणतो, हा थॉ झाला. दोन देशांच्या संबंधांबद्दलही पेपरवाले हेच लिहितात. हे एकदम होत नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग. कोशात हे नाही, पण मटाराच्या पाकिटावर लिहिलेलं असतं म्हणे, उकळतं पाणी ओतू नये.

आता मराठी. एक सरळ शब्द नाही, कारण आपल्याकडे जमीन गोठत नाही. पण आप्पा तंबाखू करायचे ते आठव. रानात वाळत घातलेलं पान दुपारी हात लावला की चुरा व्हायचं. पहाटेच्या दवात ते मऊ पडायचं आणि मगच उचलायचं. आप्पा पान मुठीत दाबून बघायचे आणि बायकांना सांगायचे, "पडलं मऊ. चला, उचला." ब्राह्मीने लिहावं : जमीन मऊ पडली. मला तरी याहून बरं सुचत नाही.

दुसरं उदाहरण थंडीतलं. खोबरेल तेल थिजलं की आपण बाटली उन्हात ठेवतो. ते वितळतं असं आपण कुठे म्हणतो? म्हणतो, तेल पातळ झालं, घ्या आता.

१८ जानेवारी लक्षात ठेवली आहे.

अण्णा


अनगोळ, बेळगाव
१९ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

ब्राह्मीने 'जमीन मऊ पडली' असं लिहिलं आणि तिच्या बाईंनी खाली दोन रेघा मारल्या, चुकीच्या नव्हे, कौतुकाच्या. तंबाखू म्हणजे काय हे मात्र श्रद्धाने तिला सांगितलं नाही. पान एवढंच सांगितलं.

उत्तर चांगलं होतं म्हणून आभार मानते. पण तुमच्या उत्तरात तिसरा रकाना रिकामा होता. लहानपणापासून बघते आहे, तुम्ही 'मीठ' म्हटलं तरी तीन भाषांत सांगता. मी सासरी निघाले तेव्हा गाडीत बसता बसता मला 'माहेर' शब्दाचं कन्नड सांगितलं होतंत. आणि वितळण्याचं कन्नड आपल्या घरात रोजचं होतं. आई तूप कढवताना म्हणायची, लोणी करगतं का बघ गं, आपली मराठी-कन्नड खिचडी. मेल्ट आणि थॉ यांची चार पानं लिहिलीत आणि 'करगु' लिहिलं नाहीत. का?

आणि खोबरेल तेलाचं उदाहरण कशाला दिलंत? तुम्हाला आठवत नसेल असं नाही. आईने सल्लेखना घेतली, एकेक करत अन्नपाणी सोडायला लागली, तेव्हा तू मला फोनवर सांगितलंस, "इतक्यात येऊ नको. मी सांगतो तेव्हा ये." मी पिशवी भरून बसले. त्यात खोबरेलाची बाटली होती, कारण आईच्या डोक्याला तेल लावायचं काम लग्नानंतरही माझंच होतं. मी रोज सकाळी फोन करायचे आणि तू म्हणायचास, "आज नको." शेवटी मीच विचारलं, का नको? तर म्हणालास, "व्रतात व्यत्यय नको."

व्यत्यय. मी.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी फोन आला. मी पोचले तेव्हा लोक आईला पोचवून बस्तीच्या देवळापासून परत फिरत होते आणि बायका अंगण धूत होत्या. मी ती बाटली खिडकीत ठेवली आणि तशीच परतीच्या बसला लागले. तेल दगडासारखं थिजलेलं होतं, डिसेंबर होता. आप्पा गेल्यावर तूच मला शिकवलंस, वाढवलंस, म्हणून आयुष्यात तुझा शब्द मोडला नाही. तो एकच मोडायला हवा होता.

रागाच्या भरात तू-तू लिहून गेले आहे. खोडत बसत नाही.

राजश्री


बोरगाव
५ नोव्हेंबर २०२५

राजू,

'तू' लिहिलंस ते बरं वाटलं. तुमचं आमचं वाचताना मी कुणा हेडमास्तरांचं पत्र वाचतोय असं वाटत होतं.

कन्नड राहून गेलं. वय झालं की रकाने रिकामे राहतात.

ती बाटली अजून खिडकीतच आहे. तुझ्या वहिनीने आणि मी ती कधी वापरली नाही. वहिनी जाऊनही आता चार वर्षं होतील. दर थंडीत तेल थिजतं, फेब्रुवारीत आपलं आपण पातळ होतं. अलीकडे मी थंडीत बाटली बाहेर कट्ट्यावर उन्हात ठेवतो, मीही तिथेच खुर्ची टाकून वही घेऊन बसतो. दोघांनाही ऊन लागतं.

जाण्याआधी एकदा येऊन जा. बेळगाव-निपाणी बस दर अर्ध्या तासाला आहे आणि निपाणीतून वडापची जीप दारात सोडते. सूर्य मावळायच्या आत जेवून परत जाता येईल. स्वयंपाकाला बाई येते, तिला मी कांदा-बटाटा बाहेर ठेवायला शिकवलंय.

अण्णा


अनगोळ, बेळगाव
१७ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

तुझं वय झालेलं नाही. तू लपवतो आहेस. तुझ्याजवळ बसून अभ्यास केलाय मी, उत्तर येत नसलं की तू विषय बदलून जेवणावर येतोस.

तुला स्पष्टच लिहिते. फ्लॅट रिकामा होत आलाय. भांडी ऋतिकाच्या आईला दिली, देव्हारा पुढच्या आठवड्यात बस्तीत जाईल. एकाहत्तराव्या वर्षी मी अशा ठिकाणी चालले आहे जिथून वर्षा-दोन वर्षांनी 'येऊ' म्हणणारी माणसं परत येतातच असं नाही. तू एकोणऐंशीचा. आपण आता भेटलो नाही तर बहुतेक भेटणार नाही. मला तुला भेटायचं आहे. हे लिहायला मला बारा वर्षं लागली आणि अर्धा दिवस.

पण मनात एवढी गाठ घेऊन तुझ्या दारात येऊन पोहे खाणं मला जमणार नाही. तुझ्या घरी कितीतरी लोक त्या एकोणीस दिवसांत आईचं दर्शन घेऊन गेले, लांबची, अनोळखी. पोटच्या मुलीने काय केलं होतं? मी आले असते तर काय बिघडलं असतं? कोणी ठरवलं? याचं उत्तर दे, मी येते. नाहीतर उगाच कट्ट्यावर माझी खुर्ची टाकू नकोस.

राजू


बोरगाव
२ डिसेंबर २०२५

राजू,

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं, आता पोस्टात टाकतोच.

आईने ठरवलं.

नवव्या दिवशी दुपारी तिने मला जवळ बोलावलं. तोवर अन्न सुटलं होतं, ताक सुटायचं होतं. ती हळूहळू एकेक सोडत चालली होती ते तुला फोनवर सांगत होतोच. रानाकडे बघायचं सोडलं, गाय शेजारच्या परशरामाकडे पाठवली, बांगड्या काढून दिल्या. मी म्हटलं, राजूला बोलावतो. तर ती कन्नडमधूनच बोलली, मनापासूनचं बोलताना ती कन्नडमधूनच बोलायची. म्हणाली, "बेड. अकी मारी नोडिद्र ना करगतीनि."

नको. तिचं तोंड बघितलं तर मी विरघळेन.

मग माझा हात धरला आणि वचन घेतलं, की हे तिला सांगायचं नाही. म्हणून रोज तुला 'आज नको' म्हणत राहिलो. व्यत्यय हा शब्द माझा, चांगला शब्द सापडला नाही आणि तो सापडला.

इतकं लिहून पत्र संपवलं असतं, तर तू मला मोठ्या मनाचा समजली असतीस. आईच्या वचनासाठी बहिणीचा राग सोसणारा भाऊ. बारा वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आलो, की तुला दुखेल म्हणून सांगत नाही. पण आई गेल्यावर वचन कसलं? दुसऱ्याच दिवशी तुला सांगता आलं असतं.

खरं सांगतो. ती हे बोलली तेव्हा मी तिच्या उशाशी बसलो होतो. एकोणीस दिवस बसलो होतो. माझं तोंड ती रोज बघत होती आणि तिला कसलीच भीती वाटत नव्हती. मला सोडायला तिला काही कष्टच पडले नाहीत, राजू. ज्याच्याजवळ सदुसष्ट वर्षं काढली तो सुटला, आणि जिला वर्षातून चारदा बघायची ती सुटेना. ते वाक्य तुझं होतं आणि मी ते तुला दिलं नाही. मला वाटलं, तुला निदान तेवढं तरी मिळू नये.

असला मी भाऊ आहे. आता यायचं की नाही ते तू ठरव.

अण्णा


बोरगाव
६ जानेवारी २०२६

राजू,

पाच आठवडे झाले. भरमूला रोज विचारतो, तर आता तो लांबूनच मान हलवतो. आधीचं पत्र पोचलं असेलच. बेळगावात पत्रं हरवत नाहीत.

उत्तर लिहू नकोस. फक्त इतकंच कळवतो, की सकाळी दहापासून चारपर्यंत मी कट्ट्यावरच असतो. खुर्च्या दोन आहेत. तेल यंदा लवकर थिजलंय.

श्रद्धाला आणि ब्राह्मीला आशीर्वाद. थंडीचे कपडे पुरेसे घे.

अण्णा


एडमंटन, कॅनडा
२९ मार्च २०२६

प्रिय अण्णा,

जय जिनेंद्र.

हे पत्र तुला मिळेपर्यंत तिकडे उन्हाळा तापला असेल. इथे गेल्या आठवड्यापर्यंत अंगणात गुडघाभर बर्फ होता. या आठवड्यात तो खचला, काळा पडला आणि कडेकडेने गेला. काल ब्राह्मी मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "आजी, पाय दाबून बघ." दाबला. बूट चिखलात बोटभर रुतला. ती म्हणाली, "पडली मऊ. चला, उचला." आप्पांचं वाक्य. मी तिथेच उभी राहून रडले. पोर घाबरली.

तुझी दोन्ही पत्रं मला वेळेवर मिळाली होती. उत्तर दिलं नाही याची क्षमा मागते.

आधी आईच्या वाक्याबद्दल. तुला वाटलं ते मला दुखेल. अरे, बारा वर्षं मला वाटत होतं की तिला माझी आठवणच झाली नाही. सगळं सोडलं त्यात मलाही सहज सोडलं. तू ते वाक्य दिलंस तेव्हा मी पत्र छातीशी धरून फ्लॅटभर फिरले, रिकाम्या खोल्यांतून. आणि मग तुझा असा राग आला की लेखणी हातात धरवेना. बारा वर्षं, अण्णा. आईचं माझ्याबद्दलचं शेवटचं बोलणं तू बारा वर्षं कोंडून ठेवलंस. तो राग पूर्ण गेलाय असं मी लिहिणार नाही.

पण एक तुला दिसलं नाही ते मला दिसलं. व्रतात आधी अन्न सुटतं, मग दूध-ताक, पाणी सगळ्यांत शेवटी. शेवटचं पाणी तिने कुणाच्या हातचं घेतलं? तुझ्याच ना? मग तुला आधी सोडलं असं कशावरून म्हणतोस? मला बघायची तिला भीती वाटली. तुझ्याशिवाय मात्र तिला ते पार पडणार नव्हतं. मला तुझा हेवा वाटतो, आणि तू माझा करत बसलास. दोघंही वेडेच.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते.

मी आले होते. १२ जानेवारीला, सोमवारी. आधी बस्तीत जाऊन दर्शन घेतलं आणि मग आपल्या गल्लीच्या तोंडाशी आले. लिंबाखाली उभी राहिले. तू कट्ट्यावर होतास. अंगात तपकिरी स्वेटर होता, डोक्याला मफलर, भिंग धरून वहीत बघत होतास. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर तू उशी ठेवली होतीस. बाटली कट्ट्याच्या कडेला उन्हात होती. बारकं तोंड झालंय तुझं. मानसुद्धा आप्पांसारखी पुढे आली आहे.

वीस पावलं होती. मी चार टाकली असतील. मग थांबले, कारण माझ्या लक्षात आलं की तू मान वर करून 'राजू' म्हणालास तर मी त्या खुर्चीत बसेन आणि उठणार नाही. तिकीट, श्रद्धा, ब्राह्मी, काहीच उरणार नाही. फ्लॅटची किल्ली दिलेली, भांडी दिलेली, आणि मी बोरगावात तुझ्या चपात्या लाटत बसेन. मला ते नको होतं असंही नाही. तेच तर भय होतं. आईचं वाक्य मला तिथे कळलं, लिंबाखाली. तोवर मी ते नुसतं वाचलं होतं.

तशीच मागे फिरले. वडापमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "कोन गेलं का हो आक्का?" मी म्हटलं, नाही, सगळे आहेत.

तू लिहिलं होतंस, मेल्टमध्ये वस्तू जाते आणि थॉमध्ये परत येते. त्या दिवशी मी मेल्ट झाले असते. आता इथे येऊन दोन महिने खिडकीतून बर्फ बघत बसल्यावर मी बऱ्यापैकी मऊ पडले आहे. श्रद्धाला सांगितलं, परतीचं तिकीट काढ. ती म्हणते, आई, तू आत्ताच तर आलीस. मी म्हटलं, भाद्रपदात दहा दिवसांसाठी. दशलक्षण बोरगावात करेन.

यंदा तुला कार्ड पाठवणार नाही. समोर येऊन मागेन आणि तू माग. तोवर मोतीबिंदू काढून घे.

तुझी
राजू


बोरगाव
२१ एप्रिल २०२६

राजू,

पोस्टकार्ड लिहितोय, लिफाफा आणायलाही धीर नाही.

१२ जानेवारीला लिंबाखाली एक बाई उभी होती. मला दिसली. राजूच, असं वाटलं. पण हाक मारली नाही, कारण डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि गेली बारा वर्षं त्या लिंबाखाली जी बाई उभी राहते ती मला राजूच वाटते. अशा कितीजणींना मी हाका मारल्यात ते गल्लीला माहीत आहे. त्या दिवशी म्हटलं, आज नको.

शेवटचं पाणी माझ्याच हातचं. दोन चमचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

डोळ्याची तारीख घेतली आहे, ८ मे. वहीत 'थॉ'समोरचा तिसरा रकाना आज आईच्या शब्दाने भरला. तेल पातळ झालंय, पण आता वास लागलाय. तू येताना आणू नकोस, मी नवीन बाटली घेऊन ठेवतो.

अण्णा